सोलापुरात बर्फ नव्हता, मग फुलपाखरांवर हिमयुगाची खूण कशी?

प्रश्न : युरोपातील फुलपाखरांच्या जनुकांत हिमयुगाच्या खुणा सापडतात, असे नुकतेच वाचनात आले. बर्फाखाली सापडले ते मेले आणि बाहेर होते ते वाचले, एवढेच घडले असेल तर जनुकांत खूण राहण्याचे कारण काय? आणि जिथे बर्फ कधी आलाच नाही, त्या आपल्या सोलापूरच्या माळावरील फुलपाखरांचा या साऱ्याशी काही संबंध पोहोचतो का?
— एक निवृत्त शिक्षिका, सात रस्ता, सोलापूर

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक अवघड आहे, म्हणून पहिला आधी घेतो. बर्फामुळे असंख्य जीव मेले हे खरेच. पण आज जनुकांत जी खूण वाचता येते ती मुख्यतः उरलेल्यांच्या परतीच्या वाटेवर उमटलेली आहे.

पृथ्वीची कक्षा आणि तिच्या आसाचा कल यांत ठरावीक कालावधीने बदल होतात आणि त्यांवर हिमयुगांची ये-जा अवलंबून असते, हे गणित सर्बियन शास्त्रज्ञ मिलुतिन मिलान्कोविच यांनी मांडले. गेल्या सुमारे 8 लाख वर्षांत हा फेरा साधारणपणे 1 लाख वर्षांचा राहिला आहे. शेवटच्या हिमयुगाचा कडाका सुमारे 21,000 वर्षांपूर्वी होता. तेव्हा स्कँडिनेव्हियापासून उत्तर जर्मनीपर्यंत बर्फाचा सलग थर होता, आल्प्स पर्वतावर दुसरा थर होता आणि या दोहोंच्या मधला प्रदेश थंड, कोरडा व उघडाबोडका होता. ऊब लागणाऱ्या फुलपाखरांना तग धरण्याजोगी जागा उरली ती मुख्यतः दक्षिणेकडच्या तीन द्वीपकल्पांत, म्हणजे आयबेरिया, इटली आणि बाल्कन येथे. यांनाच आश्रयस्थाने म्हणतात. या तीन ठिकाणचे समूह हजारो वर्षे एकमेकांना भेटले नाहीत आणि प्रत्येकाची जनुकीय घडण हळूहळू वेगळी होत गेली.

पुढे हवा तापली आणि सुमारे 11,700 वर्षांपूर्वी आजचा उबदार काळ सुरू झाला. बर्फ मागे हटेल तशी फुलपाखरे उत्तरेकडे सरकली. सरकली म्हणजे सगळी उठून निघाली असे मात्र नाही. सर्वांत पुढच्या काठावर असलेल्या थोड्या माद्यांनी मोकळ्या जागी अंडी घातली, त्यांच्या पिल्लावळीतील पुन्हा थोड्याच पुढे गेल्या, आणि हा क्रम शेकडो पिढ्या चालला. मंगळवेढ्याच्या एखाद्या शेतकऱ्याच्या कणगीत ज्वारीची दहा वाणे मिसळलेली आहेत असे समजा. त्यातले मूठभर बियाणे शेजारच्या गावी गेले, त्या गावच्या पिकातले मूठभर पुढच्या गावी गेले, तर दहाव्या गावापर्यंत दहाही वाणे पोहोचणार नाहीत. दोन-तीनच उरतील आणि तीही चांगली होती म्हणून उरली असे नसेल, केवळ मुठीत आली म्हणून उरली असतील. युरोपात नेमके हेच दिसते. दक्षिणेकडे एकाच जातीत जनुकांचे नाना प्रकार आढळतात, उत्तरेकडे जावे तसे ते कमी होतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ गॉडफ्री ह्युइट यांनी नाकतोडे, साळिंदरासारखा काटेरी जाहक, अस्वल अशा परस्परांशी संबंध नसलेल्या प्राण्यांच्या परतीच्या वाटांचे ठळक नमुने दाखवून दिले आणि 2000 मध्ये या साऱ्याची एकत्र मांडणी केली.

फुलपाखरांतील एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. चॉकहिल ब्लू नावाचे फुलपाखरू चुनखडीच्या जमिनीवरील गवताळ उतारांवर राहते. त्याच्या नराचे पंख चांदीची झाक असलेले फिकट निळे असतात. पश्चिम युरोपातील आणि पूर्व युरोपातील ही फुलपाखरे शेजारी ठेवली तर नवख्या डोळ्याला फरक सांगता येणार नाही. जर्मन संशोधक थॉमस श्मिट आणि त्यांचे सहकारी यांनी त्यांच्या शरीरातील विकरांचे (एन्झाइमांचे) प्रकार तपासले, तेव्हा दोन वेगळी घराणी समोर आली : एक इटलीतील आश्रयस्थानातून वर आलेले आणि दुसरे बाल्कनमधून आलेले. पूर्व जर्मनीत आणि आल्प्सच्या पूर्व भागात ही दोन्ही घराणी समोरासमोर येतात व तेथे त्यांचा संकर होतो. डोळ्यांना एकसंध दिसणाऱ्या कुरणातून अशी एक जुनी सीमारेषा जाते.

आता येथे थांबून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण लोकप्रिय लेखनात ती बहुधा सुटते. हिमयुग म्हणजे सर्वांसाठीच वाईट दिवस, हे खरे नाही. उंच पर्वतावरच्या फुलपाखरांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वतात पार्नासियस स्मिंथियस हे पांढरट पंखांचे फुलपाखरू वृक्षरेषेच्या, म्हणजे जिच्यावर झाडे वाढत नाहीत त्या उंचीच्या, वरच्या कुरणांत राहते. त्याच्या डीएनएच्या अभ्यासातून असे दिसले, की थंडीच्या काळात ही कुरणे खाली उतरून एकमेकांना जोडली जात व फुलपाखरांचे समूह मिसळत. हवा तापली की जंगल वर चढे आणि एकेक समूह आपापल्या शिखरावर अडकून पडे. आश्रयस्थान हा शब्द कोणत्या जातीबद्दल बोलतो आहोत हे सांगितल्याशिवाय वापरू नये, असे मला वाटते. या पार्नासियससाठी आजचाच काळ अडचणीचा आहे आणि शिखर हेच त्याचे आश्रयस्थान आहे.

हे लक्षात ठेवले म्हणजे सोलापूरकडे वळता येते. आपल्याकडे हिमयुगाने थंडीपेक्षा कोरडेपणा अधिक आणला. उत्तरेत बर्फ वाढला, समुद्राची पातळी सुमारे 120 मीटर खाली गेली आणि नैऋत्य मोसमी पाऊस दुर्बळ झाला. याचा एक पुरावा निलगिरीच्या दलदलीत आहे. तेथे कुजलेल्या वनस्पतींचे थर हजारो वर्षे एकावर एक साचले आहेत. ज्वारी, ऊस आणि बहुतेक उष्ण प्रदेशीय गवते ज्या रीतीने हवेतील कार्बन घेतात, ती रीत झाडांहून आणि गव्हासारख्या पिकांहून वेगळी असते, त्यामुळे त्यांच्या अवशेषांतील कार्बनच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचे) प्रमाणही वेगळे असते. परिसंस्थांचे अभ्यासक रमण सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे थर तपासून 1993 मध्ये दाखवले, की हिमयुगाच्या ऐन कडाक्यात तेथे कोरड्या हवामानातील गवतांचा वाटा वाढला होता. दुसरा पुरावा आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटणे येथील उत्खननात सुमारे 25,000 वर्षांपूर्वीची शहामृगाच्या अंड्यांची कवचे आणि त्यांपासून केलेले मणी मिळाले. ज्या मुलखात शहामृग हिंडत होते, तो मुलूख मोकळ्या माळाचाच असणार.

तेव्हा एकाच हिमयुगाने आपल्याकडच्या फुलपाखरांना दोन प्रकारची वागणूक दिली असली पाहिजे. सह्याद्रीतील ओल्या जंगलांवर अवलंबून असलेल्या जाती दक्षिणेकडच्या पावसाळी कोपऱ्यांत आक्रसल्या असतील. डोंगरमाथ्यावरील जाती तर आजही बेटावर राहिल्यासारख्या राहतात : निलगिरी, अनैमलई व पळणी येथील उंच गवताळ माथ्यांवर उडणाऱ्या पिवळ्या कोलियास फुलपाखराचे गणगोत थेट हिमालयात आणि त्याच्याही उत्तरेला आहे, मधल्या शेकडो कोसांच्या सपाट मुलखात त्याच्या मुक्कामाची जागा नाही. गार काळात मधले डोंगर या जातीच्या पूर्वजांना राहण्याजोगे झाले असतील, असा तर्क त्यावरून केला जातो.

याउलट आपल्या माळावरील कोलोटिस फुलपाखरे पाहा. पांढऱ्या पंखांच्या टोकांवर शेंदरी किंवा नारिंगी ठिपका असलेली ही लहान फुलपाखरे जमिनीलगत भरभर उडतात. त्यांच्या गणाचा मोठा गोतावळा आफ्रिकेत असून अरबस्तानमार्गे तो भारतापर्यंत पोहोचला आहे, म्हणजे तो पहिल्यापासून काटेरी, कोरड्या मुलखाचाच रहिवासी. पंढरपूरच्या वाटेवरच्या गावांत आषाढी द्वादशीला ज्या वाघाट्याची भाजी करून उपवास सोडतात, त्याच वाघाटीच्या कुळातील झुडपांवर यांचे सुरवंट पोसतात. दख्खन कोरडे पडले तेव्हा या मंडळींना मोकळे रान वाढलेलेच मिळाले असेल. मग त्यांच्या जनुकांत आकुंचनाऐवजी विस्ताराची खूण सापडावी, असे अनुमान निघते. हे अनुमानच आहे आणि तपासल्याशिवाय ते निष्कर्ष म्हणून कोणी छापू नये.

प्रश्न : तंतुकणिकेतील (पेशीतील मायटोकॉन्ड्रियातील) सीओआय नावाच्या जनुकाच्या फरकावरून दोन समूह कधी वेगळे झाले हे काढता येते, असे आम्हाला शिकवले. सोलापूर आणि कोकण येथील एकाच जातीच्या फुलपाखरांत या जनुकात डीएनएच्या एका-दोन अक्षरांचा फरक आढळला, तर ते शेवटच्या हिमयुगात वेगळे झाले असे म्हणता येईल का?
— पदवीचा एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : म्हणता येणार नाही, आणि का ते आपण स्वतःच कागदावर मांडून पाहावे. जाती ओळखण्यासाठी या जनुकाचा जो तुकडा वाचतात तो सुमारे 658 अक्षरांचा असतो. कीटकांसाठी नेहमी वापरला जाणारा दर असा, की वेगळ्या झालेल्या दोन शाखांत 10 लाख वर्षांत सुमारे 2.3 टक्के फरक पडतो. म्हणजे 658 अक्षरांत 10 लाख वर्षांत सुमारे 15 अक्षरे. या हिशेबाने शेवटच्या हिमयुगाच्या कडाक्यापासून आजवरच्या 21,000 वर्षांत जमा होणारा फरक अक्षराच्या एक तृतीयांश इतका भरतो. मिनिटकाटा नसलेल्या घड्याळावर सेकंद मोजावेत तसा हा प्रकार आहे.

शिवाय एका अक्षराचा तो फरक समूह वेगळे होण्याच्या कितीतरी आधीपासून एकाच मूळ समूहातल्या दोन माद्यांत असू शकतो. समूह फुटताना त्यातला एक प्रकार इकडे आला आणि दुसरा तिकडे गेला, एवढेच घडले असेल. तंतुकणिकेचा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे त्यात आणखी एक भानगड संभवते. वोल्बाकिया नावाचे जिवाणू कीटकांच्या पेशींत राहतात आणि तेही आईकडूनच पिल्लांत उतरतात. असा जिवाणू एखाद्या समूहात झपाट्याने पसरला, तर त्याच्यासोबतची एकच मातृशाखा सगळीकडे पसरते आणि वैविध्य नाहीसे होते. ते पाहून अभ्यासक हिमयुगाला दोष देतो आणि करणी असते जिवाणूची. म्हणून अलीकडच्या काळाबद्दल बोलायचे असेल तर केंद्रकातील शेकडो जागा किंवा संपूर्ण जनुकसंच वाचून, कोणता प्रकार कोणत्या ठिकाणी किती प्रमाणात आहे याची तुलना करावी लागते. आपल्या प्रकल्पात सीओआयपुरतेच काम होणार असेल तर जात ओळखणे आणि प्रकारांचा नकाशा काढणे एवढेच ध्येय ठेवावे; सनावळीच्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न : अशा अभ्यासासाठी फुलपाखरे मारावी लागतात का? नान्नजच्या माळावरून नमुने आणले तर चालतील का?
— एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : मारावे लागत नाही. एका पायात पुरेसा डीएनए असतो. रुईवर येणारे प्लेन टायगर हे आपल्याकडचे नेहमीचे फुलपाखरू घ्या : त्याचे पुढचे दोन पाय आखूड झालेले असतात आणि ते चारच पायांवर उभे राहते, म्हणून मधल्या जोडीतला एक पाय बारीक कात्रीने काढून लगेच तीव्र अल्कोहोलच्या कुपीत टाकतात, पंख न चोळता फुलपाखरू सोडून देतात आणि कुपीवर ठिकाण, तारीख व झुडपाचे नाव पेन्सिलीने लिहितात, कारण शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. नान्नजचे माळरान मात्र माळढोक अभयारण्यात मोडते. तेथे वन विभागाच्या लेखी परवानगीखेरीज पायच काय, गळून पडलेला पंखही उचलू नये. अभयारण्याबाहेरही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत असलेल्या जातींना हात लावण्यापूर्वी परवानगी लागते, तेव्हा जातींची यादी आधी महाविद्यालयातील प्राध्यापकांकडून तपासून घ्यावी आणि मगच जाळी हातात घ्यावी.