जहाजाच्या मॉडेलमध्ये वारंवारता ढळतच नाही, तेव्हा

आपणही कोल्हापूरचेच दिसता. विजेवर चालणाऱ्या जहाजाच्या सिम्युलेशनमध्ये प्रोपल्शन मोटरचा, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या मोटरचा, भार एकदम वाढवला तरी विजेची वारंवारता 60 हर्ट्झवरून हलत नाही आणि जनरेटरची माहिती मागितली की माहितीपत्रकच हाती पडते, हे आपले म्हणणे वाचून माझे जुने दुखणे आठवले. मॉडेलचे ब्लॉक जोडणे आपल्याला येतच असणार, त्यामुळे त्यात शिरत नाही.

बहुधा आपण जनरेटरच्या जागी आदर्श स्रोत (कितीही भार आला तरी न ढळणारा) ठेवला आहे. तो मोठ्या ग्रिडसारखा वागतो: शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत इंडक्शन भट्टी चालू झाली म्हणून देशाच्या ग्रिडला ते जाणवत नाही. जहाजावर मात्र मोजकेच जनरेटर असतात आणि प्रोपल्शनचा भार जवळजवळ त्यांच्या क्षमतेएवढा असतो. जडत्व स्थिरांक (फिरत्या भागांत साठलेली ऊर्जा पूर्ण क्षमतेचा भार किती सेकंद पेलेल तो आकडा) 1.5 सेकंद धरला आणि क्षमतेच्या 30 टक्के भार अचानक आला, तर गव्हर्नर (इंजिनाचा वेग राखणारा नियंत्रक) सावरेपर्यंत वारंवारता सेकंदाला 6 हर्ट्झ या वेगाने घसरते. वर्गीकरण संस्था (जहाजे नियमांप्रमाणे तपासून मंजुरी देणाऱ्या) क्षणिक विचलन साधारणपणे 10 टक्क्यांपर्यंत, म्हणजे येथे तेवढेच 6 हर्ट्झ, चालवून घेतात (मंजुरीसाठी अर्थातच चालू नियमावली पाहावी, माझ्यावर विसंबू नये). म्हणून हे आकडे अंदाजाने टाकून भागत नाही.

माझे सर्वाधिक नुकसान याच आकड्यांपायी झाले. नाव घेत नाही, पण ज्या कार्यालयाकडे ते होते त्याने दर पत्राला वेगळ्या टेबलाकडे बोट दाखवले, मग ‘गोपनीय’ असा शेरा मारला आणि अखेरीस जे रंगीत माहितीपत्रक पाठवले त्यात जनरेटरची लांबी-रुंदी होती, सबट्रान्झियंट रिअ‍ॅक्टन्स (अचानक बदलाच्या पहिल्या क्षणी जनरेटरचा अंतर्गत विद्युत विरोध) नव्हता. प्रकल्पाची मुदत त्या पत्रव्यवहारातच संपली. तेव्हापासून माझे ठाम मत आहे की ‘तांत्रिक माहिती द्यावी’ असे मोघम कधीच मागू नये. कारखान्यातील स्वीकृती चाचणीत भार टाकताना-काढताना नोंदलेला आलेख नेमका मागावा. त्याच्या सुरुवातीच्या उतारावरून जडत्व काढता येते आणि वारंवारता सावरायला लागलेल्या वेळेवरून गव्हर्नरचे आकडे जुळवता येतात.

वारंवारतेच्या एवढ्या अभ्यासासाठी कन्व्हर्टरचे (मोटरला हवी तशी वीज करून देणाऱ्या उपकरणाचे) प्रत्येक स्विचिंग दाखवणारे मॉडेल नको, त्याची सरासरी धरणारे मॉडेल पुरते. हार्मोनिक्सचा (मूळ वारंवारतेच्या पटीतील विकृत लहरींचा) अभ्यास मात्र तपशीलवारच करावा: 23 सप्टेंबर 2010 रोजी बार्सिलोनाजवळ ‘क्वीन मेरी 2’ या प्रवासी जहाजाच्या हार्मोनिक फिल्टरमधील कपॅसिटर निकामी होऊन स्फोट झाला आणि जहाजाची वीज व प्रोपल्शन दोन्ही बंद पडले. शिवाय प्रोपेलरची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात धरण्याचा नियम जहाज तातडीने थांबवताना लागू पडत नाही. तेव्हा पाण्याच्या जोराने फिरणारा प्रोपेलर उलट मोटरकडेच ऊर्जा ढकलतो, आणि डायोडच्या रेक्टिफायरमधून (एसीचे डीसी करणाऱ्या, एकाच दिशेने वीज जाऊ देणाऱ्या भागातून) ती मागे जाऊ शकत नसल्यामुळे ती ऊर्जा उष्णतेत जिरवणारा ब्रेकिंग रेझिस्टर मॉडेलमध्ये आधीच घालून ठेवावा.