माइक बंद झाल्यावर

चि. यास अनेक आशीर्वाद.

परवाच्या सभेत मी मागे, मंडपवाल्याच्या टेम्पोला टेकून उभा होतो. रात्री तू फोनवर विचारलंस, "काका, भाषणात विरोधकाच्या अजून अंगावर जायला हवं होतं का?" तेव्हा एसटीत होतो, धड ऐकूही येत नव्हतं. म्हणून लिहितोय.

शिट्ट्या पडल्या, खरंय. पण शिट्टी मारणारी निम्मी पोरं शेजारच्या गणातली, म्हणजे पंचायत समितीच्या दुसऱ्या मतदारसंघातली. त्यांचं मत तुला पडणारच नाही.

2019ची लोकसभा आठव. "लाव रे तो व्हिडिओ" म्हटलं की मैदान डोक्यावर घ्यायचं. राज ठाकरेंनी स्वतःचा एकही उमेदवार दिला नव्हता, तोफ सगळी भाजपवर. आणि निकाल? 48पैकी 41 जागा भाजप-शिवसेना युतीला. लोकांनी भाषण चवीनं ऐकलं आणि मत द्यायचं तिथंच दिलं.

तू म्हणशील, मग बाळासाहेब? त्यांच्या जिभेला हाड नव्हतं, तरी माणसं जीव टाकायची. बाबा, शिवाजी पार्कचा दसरा मेळावा वर्षातून एकदा. शाखा रोज संध्याकाळी उघडी. नळाला पाणी नाही, पोराला शाळेत घेत नाहीत, रात्री पेशंट हलवायचाय, की माणूस शाखेची पायरी चढायचा. दसऱ्याचा तो आवाज शाखेतल्या लाकडी बाकड्यावर उभा होता. तुझ्याकडे अजून बाकडंच नाही. आणि 1995ला सत्ता आली तेव्हा खुर्चीवर बसवलं कुणाला, तर मनोहर जोशींना. मोजूनमापून बोलणारा माणूस! मला याची अजून गंमत वाटते.

राग लोकांचाच असेल तर तो चालतो, हेही सांगतो. 1957ला संयुक्त महाराष्ट्र समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला लोळवलं. 1 मे 1960ला राज्य मिळालं, राग निवला. 1962ला तीच काँग्रेस यशवंतरावांच्या काळात 264पैकी 215 जागा घेऊन आली. परवा तू विरोधकाच्या गाडीवर, घड्याळावर, मेव्हण्यावर बोललास. तो राग तुझा होता. समोरच्या बायका पाण्याच्या टँकरबद्दल कुजबुजत होत्या.

पण म्हणून नुसता गोड होऊ नकोस. गोडबोल्याला लोक चहा पाजतात, मत देत नाहीत. सांगोल्याचे गणपतराव देशमुख 11 वेळा आमदार झाले, तेही शेतकरी कामगार पक्षासारख्या आटत चाललेल्या पक्षातून. आवाज चढलेला फारसा कुणी ऐकला नसेल. पण आटपाडीच्या पाणी परिषदेत वर्षानुवर्षं दुष्काळी तालुक्यांच्या पाण्याची तीच मागणी, एक इंचही खाली न येता. दोनदा पडलेही. पडल्यावर माणूस तालुक्यातच.

तेव्हा पुढच्या सभेत कुणाचं नाव घ्यायचं असेल तर घे, मात्र टँकर कुणी अडवला ते तारीखवार सांग. तेवढं पुरेल. मेव्हण्याला सोड.

अजून एक. माइक बंद झाल्यावर तू पोरांबरोबर सेल्फी काढत होतास, तेव्हा पायरीशी एक म्हातारी प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन उभी होती. निराधारचे पैसे चार महिने आले नाहीत म्हणे. नाव, गल्ली मी डायरीत टिपून घेतलंय. सोमवारी तहसीलला जाणार आहेस ना? जाताना तिला गाडीत घे.

तुझा,
काका