मुलीला तत्त्वज्ञान शिकायचंय आणि आपलं दुकान पाइप-मोटरींचं

नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं. तालुक्याच्या गावी तुमचं पाइप आणि पाण्याच्या मोटरींचं दुकान आहे. धाकटी मुलगी बारावी कॉमर्स चांगल्या मार्कांनी पास झाली आहे. तिनं बी.कॉम. करून दुकान सांभाळावं असं तुम्हाला वाटतं, आणि तिला पुण्यात जाऊन तत्त्वज्ञानात बी.ए. करायचं आहे. ‘हा रिटायर झालेल्या माणसांचा विषय. यानं पोट भरत नाही आणि धंद्यातही उपयोग नाही. तिला समजवा,’ असं तुम्ही लिहिलं आहे.

पोटाचं पुढे सविस्तर बोलू. धंद्यात उपयोग नाही, हे मात्र मला अजिबात मान्य नाही, आणि त्यासाठी तुमच्याच काउंटरवरचं उदाहरण घेतो.

पीव्हीसी पाइपचे दर कच्च्या मालाबरोबर खाली-वर होतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. समजा, कंपनीच्या माणसाचा निरोप आला की पुढच्या आठवड्यात दर उतरणार. गोडाऊनमध्ये जुन्या दराचा माल पडून आहे. तेवढ्यात एक शेतकरी विहिरीपासून शेतापर्यंतच्या लाइनसाठी पाइप मागायला येतो. दर उतरणार हे त्याला सांगायचं की गप्प बसून माल काढायचा?

याच प्रश्नावर रोमचा राजकारणी आणि विचारवंत सिसेरो यानं इ.स.पू. ४४ मध्ये लिहून ठेवलं आहे. त्याच्या उदाहरणातला व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य भरून ऱ्होड्स बेटावर पोचतो. बेटावर दुष्काळ आहे, धान्याला सोन्याचा भाव आहे. मागून धान्याची आणखी जहाजं येत आहेत, हे फक्त त्यालाच ठाऊक आहे. डायोजिनीस नावाचा विचारवंत म्हणतो, मालात खोट असेल तर कायद्याप्रमाणे सांगा, खोटं बोलू नका, पण बाजारातली प्रत्येक बातमी गिऱ्हाइकाला द्यायला विक्रेता बांधील नाही. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, विकणाऱ्याला जे माहीत आहे ते घेणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे, कारण दोघं एकाच मानवसमाजाचे. सिसेरोचा कौल अँटिपेटरच्या बाजूला पडतो: स्वतःच्या फायद्यासाठी गप्प बसणं म्हणजे लपवणंच.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात खरं काम यानंतर सुरू होतं. समोर शेतकऱ्याऐवजी दुसरा दुकानदार असता तर उत्तर बदललं असतं का? बातमी पक्की नसून नुसती कुजबुज असती तर? गिऱ्हाईक पंधरा वर्षांचं जुनं असेल तर जबाबदारी वाढते का? तुम्ही हे निर्णय रोज घेता, आणि तुमची सचोटी पत्रातून दिसते. पण उद्या दुकानात चार पोरं कामाला असतील, एखादी शाखा असेल, तेव्हा ‘मला बरं वाटलं तसं केलं’ एवढं पुरत नाही. का केलं, हे त्यांना कळेल असं सांगता यावं लागतं.

आता उधारी घ्या. ‘अमुक माणसानं दरवर्षी वेळेवर पैसे दिले, म्हणून यंदाही देईल.’ आपल्याकडच्या न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या जुन्या भारतीय शास्त्रात, असं अनुमान तपासायची एक रीत आहे. जिथे धूर तिथे अग्नी हे खरं, पण जिथे अग्नी तिथे धूर हे खरं नाही, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धुरासाठी ओलं सरपण लागतं. अशा मधल्या, नजरेतून सुटणाऱ्या अटीला नैयायिक (न्यायदर्शनाचे अभ्यासक) ‘उपाधी’ म्हणतात. तुमच्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत साखर कारखान्याचं ऊसबिल वेळेवर येणं ही ती उपाधी असू शकते. माणूस तोच, दानत तीच, पण बिल थकलं की तुमची उधारी थकते. मग विचारायचा प्रश्न ‘माणूस कसा आहे’ एवढाच राहत नाही, ‘यंदा ऊस कुठे घातलाय’ हाही होतो. धंद्यातली जुनी माणसं हे अनुभवानं शिकतात, बऱ्याचदा पैसे बुडाल्यावर. मुलगी ते वर्गात शिकली तर त्यात वाईट काय आहे?

आणि व्यापाऱ्याचा या विषयाशी संबंध नाही म्हणाल, तर खानदेशातलं अमळनेर पाहा. तिथले गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर ही या विषयाच्या अभ्यासाची संस्था उभी केली. साने गुरुजीही काही काळ तिथे शिकायला होते. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला या विषयासाठी पैसा खर्च करावासा वाटला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता पोटाचं. नुसत्या बी.ए. तत्त्वज्ञानावर ठरलेली नोकरी मिळत नाही. प्राध्यापक व्हायचं तर एम.ए. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा हवी. त्यानंतरही कायम जागा थोड्या, आणि अनेकांची वर्षं तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मानधनात जातात. हे तिला आजच स्पष्ट सांगा. कुठलीही पदवी घेऊन तीन वर्षांचं एलएल.बी. करता येतं, आणि माझ्या मते या विषयाला सगळ्यात चांगली जोड कायद्याची. एम.बी.ए.चा रस्ताही खुला राहतो. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर सगळ्यांनाच असतो, शिवाय तत्त्वज्ञान वैकल्पिक विषय म्हणून घेतला तर आणखी ५०० गुण. पण केवळ त्या परीक्षेसाठी कुणी हा विषय निवडू नये. अमेरिकेतले कोणकोणते उद्योगपती तत्त्वज्ञान शिकले होते, याची यादी तुम्हाला कुणी ना कुणी पाठवेलच. तिच्यावर निर्णय घेऊ नका. त्या माणसांकडे इतरही पुष्कळ गोष्टी होत्या.

तिची आवड कितपत पक्की आहे, हे तपासायला हवं. ती मोबाइलवर स्टोइक (प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञानाचा एक पंथ) विचारांचे व्हिडिओ ऐकते, असं तुम्ही लिहिलं आहे. सुरुवात म्हणून ठीक आहे, पण अभ्यासक्रम म्हणजे सुविचार नव्हेत. त्यात चिन्हांचं तर्कशास्त्र येतं, एकेका पानावर दोन-दोन तास बसावं लागतं. तिला बारावी कलाशाखेचं तर्कशास्त्राचं पुस्तक आणून द्या आणि या सुट्टीत स्वतःहून सोडवायला सांगा. दुसरं काम: वरचा पाइपच्या दराचा प्रश्न तिच्यापुढे ठेवा आणि तुमच्या मताच्या विरुद्ध बाजूनं दोन पानं लिहायला सांगा. ती कंटाळली तर बी.कॉम. करू द्या. पुढे वाटलंच तर इग्नू या मुक्त विद्यापीठातून तत्त्वज्ञानात एम.ए. करता येतं, त्याला कुठलीही पदवी चालते. पण ती दोन पानांची चार पानं करून तुमच्याशी वाद घालायला आली, तर तिला अडवू नका.

पुण्याला जाणार असेल तर प्रवेशाआधी कॉलेजात स्वतः जाऊन या. तत्त्वज्ञान विभागात पूर्णवेळ शिक्षक किती, मेजर म्हणजे मुख्य विषय म्हणून हा विषय तिन्ही वर्षं खरोखर चालतो का, की मुलं कमी म्हणून मध्येच बंद होतो, हे विभागातच विचारा. मायनर, म्हणजे जोडविषय, म्हणून अर्थशास्त्र मिळत असेल तर तेच घ्या. आणि दर सुट्टीत महिनाभर तिला दुकानात बसवा, उधारीची वही तिच्या हाती द्या. याला तिची तयारी आहे का, हेही विचारून मला कळवा. पुढचं पत्र शक्यतो तिनं स्वतः लिहावं.