लवाद, न्यायमंडळी की न्यायाधिकरण?

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून आलाय. माजी सैनिकांच्या मेळाव्याचं मराठी पत्रक काढायचं आहे. अपंगत्व पेन्शनची प्रकरणं ऐकणाऱ्या ‘आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल’ला त्यात काय म्हणायचं? एकजण म्हणतो लवाद, दुसरा म्हणतो कानडी पेपरातलं ‘न्यायमंडळी’च घ्या. शिवाय चेअरपर्सनला अध्यक्ष लिहायचं की न्यायाधीश?

‘सशस्त्र दल न्यायाधिकरण’ लिहा. लवाद हा शब्द आपल्याकडं नद्यांच्या पाणीतंट्यांनी रुजवला. आधी कृष्णेचा बचावत लवाद, मग म्हादईचा. म्हादईचा 2010 मध्ये नेमला आणि त्याचा निकाल 2018 ला आला, तोवर कणकुंबीपर्यंत हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. कायद्याच्या भाषेत तीही न्यायाधिकरणंच, पण मथळ्यात आखूड शब्द लागतो. लवाद म्हणजे मुळात भांडणाऱ्या दोघांनीही मानलेला तिऱ्हाईत. हवालदार आणि संरक्षण मंत्रालय यांनी मिळून असा कुणी नेमलेला नसतो. हे न्यायाधिकरण 2007 च्या कायद्यानं आलं, 2009 पासून चालू झालं, आणि सरकारविरुद्ध निकाल द्यायला त्याला सरकारची संमती लागत नाही.

आयोग वेगळा, हे सीमाभागाला काय सांगायचं! महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल कर्नाटकानं उचलून धरला, महाराष्ट्रानं फेटाळला. ती शिफारस होती, म्हणून फेटाळता आली. न्यायाधिकरणाचा आदेश नको असेल तर वरच्या कोर्टाची पायरी चढावी लागते.

‘न्यायमंडळी’ कानडीत अगदी बरोबर आहे, तिथं मंडळी म्हणजे बोर्ड. मराठीत मात्र मंडळी जेवायला बसतात.

आता अध्यक्ष. शब्द बरोबर, पण आपल्या भागात एक पंचाईत आहे. महाराष्ट्रातल्या चंदगडला गावाचा सरपंच असतो, कर्नाटकातल्या खानापूरला ग्रामपंचायतीचा अध्यक्ष. नुसतं ‘अध्यक्ष येणार’ छापलंत तर लोक भलत्याच माणसाची वाट बघतील. 2007 च्या कायद्यानं हे पद सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश किंवा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेल्या व्यक्तीसाठी ठेवलं. म्हणून नावाआधी ‘निवृत्त न्यायमूर्ती’ आणि नावापुढं ‘न्यायाधिकरणाचे अध्यक्ष’ असं लिहा. तिथं बसणाऱ्या सगळ्यांना न्यायाधीश मात्र म्हणू नका. पीठावर एक न्यायिक सदस्य असतो आणि एक प्रशासकीय. हा दुसरा बहुधा मेजर जनरल किंवा त्याहून वरच्या हुद्द्यावरून आलेला असतो. म्हणजे एकाला कायदा माहीत आणि दुसऱ्याला बर्फातली चौकी. ही जोडी मला फार शहाणपणाची वाटते.

तुम्ही विचारलं नाही, पण पत्रकाच्या मसुद्यात ‘सेवेत बळावलेले अपंगत्व’ असं आहे, तिथं थांबावं लागेल. नियमात दोन पर्याय आहेत: अपंगत्व सेवेमुळे उद्भवलेलं, किंवा सेवेमुळे बळावलेलं. ‘बळावणं’ हा शब्द सुरेख आहे, घरोघरी दुखणी बळावतात. पण मराठीत दुखणं आपलं आपणही बळावतं, आणि सगळी लढाई तर तिथंच असते. मेडिकल बोर्ड म्हणतं, रोग अंगचाच. जवान म्हणतो, भरतीला आलो तेव्हा धडधाकट होतो. 2013 च्या धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जवानाचं म्हणणं उचलून धरलं. भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल तर माणूस तेव्हा निरोगी होता असं धरायचं, आणि तब्येत पुढं ढासळली ती सेवेमुळेच हे सिद्ध करायचा भार जवानावर टाकायचा नाही. तेव्हा ‘सेवेत’ नको, ‘सेवेमुळे’ हवं. एका प्रत्ययावर पेन्शन अडते. (अपंगत्व किमान वीस टक्के असण्याची अट वेगळी, ती मेडिकल बोर्डाच्या आकड्यावर ठरते.)

‘दिव्यांग पेन्शन’ही काढा. तो शब्द वाचला की लोकांना नाडकचेरीतून (कर्नाटकातलं महसूल खात्याचं स्थानिक कार्यालय) मंजूर होणारा महिन्याचा पगार आठवतो, त्याचा या न्यायाधिकरणाशी संबंध नाही. राज्य सरकारी नोकरांच्या पेन्शनचे वादही इथं येत नाहीत. त्यांच्यासाठी कर्नाटक राज्य प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, आणि त्याचं एक पीठ बेळगावातच आहे.

राहिलं ‘अपील’. गावात सगळे म्हणतात, ‘पेन्शनीचं अपील टाकलंय.’ बोलताना चालतं. पण पेन्शन नाकारल्यावर अपील करायचं असतं ते लष्कराच्याच समितीकडं. न्यायाधिकरणात जातो तो मूळ अर्ज, ज्याला वकील ‘ओए’ म्हणतात. तिथलं अपील कोर्ट मार्शलच्या शिक्षेविरुद्ध असतं. पत्रकात ‘अपील करण्यासाठी मार्गदर्शन’ छापलंत तर पेन्शनीत आलेले सुभेदारसाहेब उठून विचारतील, कोर्ट मार्शल कुणाचं झालंय?