जानेवारीत चालतो, एप्रिलमध्ये अडतो

प्रश्न : माझ्याकडे 2011 सालचा इंटेलचा कोअर आय-5 2500के प्रोसेसर आहे. लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. 4.5 गिगाहर्ट्झ आणि 1.35 व्होल्टवर जानेवारीभर एकदाही अडला नाही. आता दुपारी एक्स्पोर्ट लावला की निळा स्क्रीन येतो, एरर कोडच्या शेवटी 124. मित्र म्हणतो, व्होल्टेज आणखी वाढव. वाढवू का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाही, आत्ता मुळीच वाढवू नका. मित्राचं अगदीच चूक नाही. ओव्हरक्लॉक केलेल्या, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेल्या मशीनवर 124 आला की बहुतेक वेळा त्या वेगाला व्होल्टेज अपुरं पडत असतं. पण जानेवारीत तेवढंच पुरत होतं, मग बदललं काय? तुमची खोली. हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेला धातूच्या पात्यांचा भाग, प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. पुण्यात जानेवारीच्या सकाळी खोली 18 अंशांवर असेल, एप्रिलच्या दुपारी 36 वर. ते 18 अंश जवळपास जसेच्या तसे प्रोसेसरवर चढतात. चिप तापली की त्याच वेगाला जास्त व्होल्टेज मागते आणि व्होल्टेज दिलं की आणखी तापते. वेग 20 टक्के वाढवून व्होल्टेज 1.20 वरून 1.30 केलं, तर उष्णता सुमारे 40 टक्क्यांनी वाढते, कारण व्होल्टेजचा परिणाम वर्गाने होतो.

म्हणून आधी कॅबिनेट उघडा. हीटसिंकच्या पात्या आणि पंखा यांच्या मध्ये, बाहेरून दिसत नाही अशा जागी, धुळीचा करडा नमदा बसलेला असतो. पंखा काढून तो ब्रशने सोडवा. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट जुनी असेल तर वाळून खडूसारखी झाली असेल, ती पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. तपकीर गल्लीत ट्यूब सहज मिळते. कंपनीचाच कूलर असेल तर चारही खुंट्या मदरबोर्डच्या मागे पूर्ण उतरल्यात का, बोट फिरवून पाहा. एक जरी अर्धवट राहिली तरी एक कोपरा उचललेला राहतो. खरं तर 4.5 साठी तो कूलर पुरेसा नाहीच. प्रोसेसरचं झाकण काढायच्या फंदात मात्र पडू नका, या पिढीत ते आतून सोल्डर केलेलं आहे.

मग मल्टिप्लायर 42 वर आणा (42 गुणिले 100 मेगाहर्ट्झ बेस क्लॉक, म्हणजे 4.2 गिगाहर्ट्झ), व्होल्टेज 1.28 पासून सुरू करा. बेस क्लॉक 100 वरच राहू द्या. या मदरबोर्डांवर त्याच घड्याळाला साटा (हार्डडिस्कची जोडणी) आणि पीसीआय एक्स्प्रेस (ग्राफिक्स कार्डसारख्या कार्डांची जोडणी) हेही जोडलेले असतात, तिथे छेडछाड म्हणजे हार्डडिस्कवरच्या डेटाशी खेळ.

चाचणी रात्रीच्या गारव्यात नको, भर दुपारी तीनला प्राइम95 हा प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारा प्रोग्रॅम लावा. गुरुवार टाळा, दुरुस्तीसाठी वीज गेली तर काहीच कळणार नाही. तापमान 80 च्या आत राहिलं पाहिजे. आणि स्क्रीन निळा झाला नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. माझ्या स्वतःच्या मशीनवर गेम तासन् तास चालायचे, पण आईच्या जुन्या फोटोंची झिप फाइल उघडली तर निम्म्या फोटोंना सीआरसी एरर, म्हणजे फाइल बिघडल्याची खूण. मूळ प्रती मी पुसून टाकल्या होत्या. ते फोटो परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी चाचणीनंतर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीआ’च्या (WHEA) नोंदी पाहिल्याशिवाय उठत नाही. प्रोसेसरने चूक केली आणि सावरून घेतली, तर इशारा तिथे उमटतो. एकही दिसला तर ते सेटिंग माझ्या लेखी नापास. तुमच्याकडे तर लोकांची लग्नं आहेत, पुन्हा शूट करता येत नाहीत.

साफसफाईनंतरही 42 वर 124 आला आणि तापमान 75 च्या आत असेल, तेव्हाच मित्राचं ऐका : व्होल्टेज 0.01 ने वाढवा आणि पुन्हा दुपारी तपासा. 4.5 ऐवजी 4.2 वर तासाभराचा एक्स्पोर्ट फार तर चार-पाच मिनिटं लांबेल.