एसीआधी स्लॅबचं बघा

भाऊ, एसीची घाई करू नका. नागपुरातला पहिलाच उन्हाळा, त्यात वरचा मजला, म्हणजे खरा त्रास स्लॅबचा. रात्री अकराला पंखा बंद करून छताला हात लावून बघा, तवाच! मार्चमध्येच गच्चीवर चुन्याचे दोन हात मारून घ्या. चुन्यात थोडा फेव्हिकॉल घाला, नाहीतर पहिल्या वळवाच्या पावसात पांढरे ओघळ भिंतीवर (आणि शेजाऱ्यांची बोलणी तुम्हाला).

मग कूलर. मे महिन्यातली इथली हवा कोरडी ठणठणीत, म्हणून दीड-दोनशे वॅटचा कूलर निभावतो. दीड टनाचा एसी भर उन्हात दीड हजार वॅटच्या आसपास ओढतो. मात्र कूलर खिडकीबाहेर बसवा आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा. मी पहिल्या वर्षी सगळी दारं-खिडक्या लावून बसलो होतो. तासाभरात चादर दमट, अंग चिकट. दमट हवेत पाणी सुकत नाही, मग गारवा कुठून येणार? मुंबईचे पाहुणे कूलरला नावं ठेवतात ते त्यामुळेच. गवत दरवर्षी नवं टाका, टाकी आठवड्याला धुवा, डास होतात.

पंखा बदलायचा झाला तर बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) घ्या. साधा पंचाहत्तर वॅट खातो, हा तीसच्या आसपास.

एवढं करूनही पावसाळ्याच्या तोंडाशी उकाडा सोसवला नाही, तर घ्या एसी. फक्त २६ वर ठेवा, सोबत पंखा चालू.