थेंबांची बाटली डॉक्टरांपासून लपवू नका

वेदनाशमन हे माझं काम. दर आठवड्याला ओपीडीत कोणीतरी तपासणी संपवून दारापर्यंत जातं, मग मागे वळतं आणि पिशवीतून ड्रॉपरची तपकिरी बाटली काढून विचारतं, ‘डॉक्टर, हे पण चालू आहे, चालेल ना?’ खरं तर हे खुर्चीत बसल्या बसल्या सांगायला हवं. आता पत्रांतूनही हाच गोंधळ येतो आहे, म्हणून भांग, गांजा आणि सीबीडीची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत.

भांग, गांजा, विजया, सीबीडी हे सगळं एकच का? यातलं कायदेशीर काय? (सहकारनगर)

झाड एक, वस्तू वेगळ्या. पानं म्हणजे भांग, मादी झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा, चीक म्हणजे चरस. विजया हे आयुर्वेदातलं नाव. झाडातली दोन द्रव्यं महत्त्वाची. टीएचसीने नशा येते, सीबीडीने येत नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कचाट्यात गांजा आणि चरस येतात. फुलोऱ्याशिवायची पानं आणि बी त्या व्याख्येबाहेर राहतात. म्हणून पानं मोकळी सुटली असं नाही. महाराष्ट्रात भांगेवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचं नियंत्रण आहे. शिवाय औषधांच्या नियमांत विषारी द्रव्यांची एक यादी आहे, ज्यांची औषधं वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची असतात. त्या यादीत बचनाग, धोतरा, कुचला यांच्या शेजारी भांग आहे. ‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ असं कोणी सांगितलं तर त्याला ही यादी दाखवा.

गुडघेदुखीसाठी ऑनलाइन हेम्प सीड ऑइल मागवलं आहे. गुण येईल का? (कोथरूड)

नाही. हेम्प म्हणजे हेच झाड, पण त्याच्या बियांच्या तेलात सीबीडी जवळजवळ नसतं. ते खाण्याचं तेल आहे आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये त्याला अन्न म्हणूनच मान्यता दिली. गुडघा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

माझ्या सहा वर्षांच्या भाच्याला फिट येतात. सीबीडीवर फिट थांबतात असं वाचलं. ऑनलाइन डॉक्टरांनी पाच मिनिटांत चिठ्ठी दिली, थेंबही घरपोच आले. जुन्या गोळ्या बंद कराव्यात का? (हडपसर)

गोळ्या बंद करू नका. एक दिवसही नाही. अचानक बंद केल्या तर एकामागून एक फिट येत राहतात आणि त्यात जीव जाऊ शकतो.

तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. शुद्ध सीबीडीच्या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली, ती ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या लहान मुलांच्या दोन अवघड आजारांसाठी. पुढे २०२० मध्ये ट्यूबरस स्क्लेरोसिस या आजारातल्या फिटची भर पडली. म्हणजे प्रत्येक फिटसाठी नाही. तिथेही ते बहुतेकदा आधीच्या गोळ्यांच्या जोडीला देतात.

आता हिशोब बघा. वीस किलोच्या मुलाला दिवसाला किलोमागे १० मिलिग्रॅम धरले तर २०० मिलिग्रॅम शुद्ध सीबीडी लागतं. माझ्यासमोर एका रुग्णाने ठेवून गेलेली बाटली आहे. लेबलवर ठळक अक्षरांत ‘विजया अर्क १५०० मिलिग्रॅम’. अर्क १५०० असेल, पण त्यात सीबीडी किती, टीएचसी किती, याचा एक शब्द नाही. वाढत्या मेंदूच्या मुलाला टीएचसी किती जातंय हे माहीत नसताना थेंब द्यायचे? ज्यांनी मुलाला पाहिलं नाही, ईईजी म्हणजे मेंदूचा आलेख पाहिला नाही, त्यांची पाच मिनिटांची चिठ्ठी म्हणजे बाटली विकण्याचा परवाना.

आणि फिटच्या गोळ्यांपैकी क्लोबाझाम चालू असेल तर सीबीडीमुळे त्याचा अंश रक्तात वाढून मूल गुंगतं. व्हॅल्प्रोएट असेल तर यकृतावर ताण येतो. बाटली घेऊन मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. याच आठवड्यात.

थोरल्या बहिणीच्या स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली. एका परिचितांची गाठ गांजाच्या तेलाने विरघळली म्हणतात. कंपन्या हे दाबून ठेवतात, डॉक्टरांना कमिशन असतं, असं मेहुण्यांचं मत आहे. तीन महिने तेल घेऊन बघावं का? (वारजे)

तीन आठवडेही नको.

‘विरघळली म्हणतात’ या शब्दांवर थांबा. बायॉप्सी झाली होती का? सोबत ऑपरेशन, केमो चालू होतं का? दर वेळी मी हे विचारतो आणि दर वेळी पुढची माहिती ‘ते माहीत नाही’ इथे संपते. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी टीएचसीने मरतात, हे खरं. बशीत द्रव्य पेशींवर थेट ओततात. तोंडाने घेतलेल्या थेंबांतून तेवढं गाठीपर्यंत पोचत नाही.

कंपन्या झाडातलं औषध दाबत नाहीत, विकतात. तुमच्या गॅलरीतली सदाफुली बघा. तिच्यापासून मिळालेलं व्हिन्क्रिस्टिन मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर आजही रोज वापरलं जातं. टीएचसीची कॅप्सूलही १९८५ पासून अमेरिकेत मान्य आहे, केमोच्या उलट्यांसाठी. गाठ विरघळवण्यासाठी नव्हे.

मेहुण्यांचा राग मात्र मी झटकून टाकणार नाही. कट प्रॅक्टिस, म्हणजे रुग्ण पाठवण्याचं कमिशन, आहे. रोफेकॉक्सिब नावाची वेदनाशामक गोळी हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये बाजारातून काढावी लागली, तोवर लाखोंनी ती घेतली होती. पण तो धोका सापडला, कारण कोणीतरी नोंदी ठेवून मोजत होतं. या तेलाने किती जणांची वेळ गेली, हे मोजणारं कोणी नाही. येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, न पसरलेल्या कॅन्सरवर फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका अडीच पट होता. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटींहून जास्त.

गेल्या पावसाळ्यात एक बाई आल्या. बोराएवढी गाठ हाताला लागल्यावर सात महिने तेल घेतलं होतं. खोलीत आल्या तेव्हा पदराला कापराचा वास होता, जखमेचा वास झाकण्यासाठी लावलेला. रात्रभर बसून काढायच्या, आडवं झालं की दुखायचं. मॉर्फिनच्या गोळीवर त्या रात्री झोपल्या. दुसऱ्या दिवशी फोनवर त्यांचा एकच प्रश्न होता, ‘हे आधी का नाही दिलं कोणी?’ आधीच्या एका दवाखान्यात त्यांना ‘कॅन्सर आहे, दुखणारच’ असं सांगितलं होतं. त्या तेलाकडे तिथूनच वळल्या होत्या. हा आम्हा डॉक्टरांचा दोष आहे आणि मला तो रोज टोचतो.

म्हणून हे नीट वाचा. मॉर्फिन म्हणजे ‘शेवटचं औषध’ नव्हे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत, वेदनेसाठी घेतलं तर व्यसनाची भीती फार कमी. २०१४ मध्ये कायदा बदलून ते मिळणं सोपं केलं, तरी मान्यताप्राप्त संस्थांतूनच मिळतं. तुमच्या वारज्यातच सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं) केंद्र १९९७ पासून कॅन्सर रुग्णांना विनामूल्य सेवा देतं. उपचार चालू असतानाही तिथे जाता येतं. ताईंना आधी कॅन्सरतज्ज्ञांकडे न्या. शंका असेल तर दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्या, तो तुमचा हक्क आहे. पण दोन्ही भेटी पंधरा दिवसांत संपवा.

अँजिओप्लास्टी झाली आहे. महाशिवरात्रीला थोडी थंडाई चालेल? (कसबा पेठ)

भांग घातलेली चालणार नाही. नाडी वाढते, हृदयावर ताण येतो. बदाम-बडीशेपेची घ्या.

इंजिनिअरिंगला असलेला मुलगा ‘टेन्शनसाठी नैसर्गिक औषध’ म्हणून गांजा ओढतो. हल्ली सारख्या उलट्या होतात आणि तासन्‌तास गरम पाण्याने आंघोळ करत बसतो. (कर्वेनगर)

गरम पाण्याने बरं वाटणाऱ्या उलट्या ही रोज गांजा ओढणाऱ्यांतली ओळखीची खूण आहे. गांजा थांबवला की थांबतात. घरी त्याच्यावर ओरडू नका. आधी फिजिशियनकडे नेऊन शरीरातलं पाणी कमी झालंय का ते पाहा, मग मानसोपचारतज्ज्ञ. घरात कोणाला स्किझोफ्रेनिया असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, कारण अशा मुलांना गांजाने भ्रम होण्याचा धोका जास्त असतो.

रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिनची गोळी चालू आहे. झोपेसाठी मुलीने सीबीडीचे थेंब आणलेत. घेऊ का? आणि दुबईला नातवाकडे जाताना बरोबर नेऊ का? (औंध)

घेऊ नका, रक्त जास्त पातळ होऊ शकतं. घेऊन झाले असतील तर उद्याच आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते) तपासून हृदयरोगतज्ज्ञांना कळवा. दुबईला अजिबात नेऊ नका.